अनुभव हवेत : सरोगेट म्हणून दुसऱ्याचं बाळ पोटात वाढवलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या बायकांचे

सरोगसीचा विषय निघाला की डॉक्टर बोलतात, वकील बोलतात, ज्यांना बाळ मिळालं ते पेढे वाटतात. जिने पोटात वाढवलं तिला सगळे एवढंच विचारतात, "तुला देववलं कसं?" मला हे चुलत सासूपासून इस्त्रीवाल्याच्या बायकोपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. दवाखान्यात माझ्यासोबत कोण यायचं, बाळंतपणानंतर मला न्हाऊ कोणी घातलं, हे कोणी विचारलं नाही. माझ्या मते समाधान वाटतं की मनात सल राहतो हे तिथेच ठरतं. म्हणून हा धागा काढतेय. नाव लिहू नका, फक्त भाग लिहा. दवाखान्याचं नावही नको. कोणी जुन्या काळातलं, म्हणजे पैसे मिळायचे तेव्हाचं असेल तर तेही लिहा, कोणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर मी उडवीन.

आधी माझं सांगते.

मी चरईत राहते. माझ्या धाकट्या नणंदेच्या पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तिचा जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं. बाळही गेलं. बीजकोष शाबूत होते. म्हणजे बीज तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, गर्भ प्रयोगशाळेत तयार करायचा आणि वाढवायचा फक्त माझ्या पोटात. कायद्यानेही सरोगेटला स्वतःचं बीज देता येत नाही. २०२१ चा सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात बाई २५ ते ३५ वयाची हवी, लग्न झालेली आणि स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच हे करता येतं. मोबदला नाही. औषधपाण्याचा खर्च आणि सरोगेटचा ३६ महिन्यांचा विमा समोरच्या जोडप्याने करायचा. मी तेव्हा ३३ ची होते, मुलगा दुसरीत. आमच्या घरात हे मीच बोलून दाखवलं, मला कोणी विचारलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण त्याने फार फरक पडतो.

सासूबाई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "१९८६ मध्ये केईएममध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा लोक नाही नाही ते बोलले होते. आता गल्लोगल्ली सेंटर आहेत. बोलणारे बोलू देत." आणि त्यांनी स्वतः सोसायटीत सांगून टाकलं. मला लपायची वेळच आली नाही. जिना चढताना शेजारच्या काकू पिशवी घ्यायच्या.

डोहाळजेवणाचा प्रश्न आला. ओटी कोणाची भरायची? सासूबाईंनी दोन पाट मांडले. हिरव्या साड्या दोघींना, फुलांच्या वाड्या दोघींना. वाटीखाली पेढा की बर्फी ते नणंदेने उघडून बघायचं आणि पहिला घास माझा. ओटी भरताना नणंदेचा हात माझ्या पोटावर होता आणि नेमकी तेव्हाच मुलीने लाथ मारली. ती किंचाळलीच.

मुलगी झाली. मी तिची मामी. बारशाला पाळण्याजवळ "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणताना एका बाजूला मी होते. मी रडले का? हो, दूध आलं तेव्हा. दूध आटायच्या गोळ्या दिल्या तरी दोन-तीन दिवस छाती दगडासारखी होते आणि तेव्हा शरीराला काही समजावता येत नाही. हे आधी कोणीतरी सांगायला हवं. पण मनाने मी तिला कधी माझी धरलं नव्हतं. तिची काळजी मात्र माझ्या मुलाच्या वेळेपेक्षा जास्त घेतली. चहा सोडला, रात्री जागणं सोडलं. वाटलं मीच अशी आहे की काय. मग २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं, आपल्या मुंबईतल्याच ५० सरोगेट आणि ६९ इतर गरोदर बायकांचा. त्यातही हेच होतं. सरोगेट पोटातल्या बाळाशी कमी बोलतात, पण खाण्यापिण्याची पथ्यं जास्त पाळतात. आणि त्यांच्यात उदासी जास्त दिसली ती बाळावर जीव जडल्यामुळे नव्हे. जिला कमी आधार मिळाला, जिला लपवावं लागलं, जिला लोकांनी टोचून बोललं, तिला बाळंतपणानंतर जास्त त्रास झाला. वाचून मला सासूबाईंचे ते दोन पाट आठवले.

आता तुम्ही लिहा.

दिघा

माझ्या आईचं आहे. ती सांगतेय, मी टाइप करतेय.

"मी तेव्हा ऐरोलीत धुणीभांडी करायचे. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. चाळीतली एक बाई मला घेऊन गेली. २०११ असेल. डॉक्टरबाई गोड बोलल्या. कागद सगळे इंग्रजीत. मला सही येते, केली. ठाण्यात एका बिल्डिंगीत फ्लॅट होता, आम्ही बायका तिथे राहायचो. जेवण वेळेवर, दूध, फळं. घरी मला कोणी कधी सफरचंद कापून हातात दिलं नव्हतं. आम्ही बायकाबायका एकमेकींचे पाय चेपायचो, एक जण लोकरीचं विणायला शिकवायची. ते दिवस वाईट नव्हते. पोरं रविवारी यायची, पण वर आणायला बंदी. गेटवर भेटायचं. धाकटी विचारायची, तू इथे काम करतेस तर भांडी कुठायत?

चाळीत सांगितलं होतं की गावी सासू आजारी आहे.

आठव्या महिन्यात बीपी वाढलं, सिझर झालं. जुळी होती. परदेशातली जोडी. ती बाई माझ्या पायाला हात लावून रडली. भाषा कळली नाही, पण हात थरथरत होता ते कळलं. फोटो पाठवते म्हणाली, दुभाष्याने सांगितलं. नाही आला. विचारायला दवाखान्यात गेले तर वॉचमननेच परत पाठवलं. पैशातले एजंटने कापले. तरी जे उरले त्यात आमच्या खोलीचे पत्रे जाऊन स्लॅब पडला, पोरगा आयटीआय झाला, ही पोरगी नर्सिंगला आहे. त्याचं मला समाधान आहे, खोटं कशाला बोलू.

पण गावाहून आलेली बाई बाळंतीण कशी असेल? मी पोटाला पट्टा बांधून लगेच कामावर गेले. ओल्या अंगाने लोकांच्या लाद्या पुसल्या. शेकशेगडी नाही, मालिश नाही. कंबर तेव्हापासूनच दुखते. ते कोणाला सांगू, सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल."

आईने हे मला मी नर्सिंगला लागल्यावर सांगितलं. तोवर आम्हाला सासू आजारी होती तेच माहीत. गेल्या थंडीत मी तिला रोज संध्याकाळी शेक दिला. उशिरा का होईना.

(धागाकर्ती : ताई, आईंना माझा नमस्कार सांग. नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांसाठीची सरोगसी बंद झाली आणि आता पैसे घेऊन करणंच गुन्हा आहे. पण त्या काळात ज्यांनी केलं त्यांचं पुढे काय झालं हे कोणत्याही सरकारी कागदावर नाही. कंबर सिव्हिलला दाखवा. बाळंतपण झालं होतं हे डॉक्टरांना सांगितलं तर औषध नीट मिळेल.)

घणसोली गाव

आम्ही आगरी. मावसबहिणीसाठी केलं. गावात काय लपतंय? पाचव्या महिन्यात मासळी बाजारात एकीने तोंडावर विचारलं, किती घेतलेस? माझी सासू टोपली खाली ठेवून म्हणाली, "आमच्या घरचा पोर हाय, घरातच ऱ्हानार. तुला काय?" विषय संपला. मुलगा झाला, बहिणीकडे तळवलीला आहे, चालत जायच्या अंतरावर. हळदीकुंकवाला, गावजत्रेला भेटतो. मला मावशी म्हणतो. मी खूश आहे, याच्यापेक्षा जास्त काय लिहू.

कोपरखैरणे

हा धागा मी बऱ्याच वेळा उघडून बंद केला.

आमचं रो हाऊस आहे. खाली आम्ही, वर मोठे दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंना बाळ राहत होतं आणि जात होतं, डॉक्टरांनी शेवटी सरोगसी सांगितली. कायद्यात पैसे चालत नाहीत म्हणजे घरातलीच हवी, असं सासऱ्यांनी धरलं, आणि घरात त्या वयाची मीच. जेवायला बसलेले असताना म्हणाले, "धाकट्या सूनबाईंनी मनावर घेतलं तर वंश पुढे जाईल." मी ताटातलं संपवत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. तीच माझी संमती.

समुपदेशक बाईंनी मला एकटीला आत घेतलं होतं हे खरं. विचारलं, दबाव आहे का? बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या आणि दार अर्धं उघडं. मी नाही म्हटलं. गर्भ आत सोडायच्या आधी कोणत्याही क्षणी सरोगेटला माघार घेता येते, असं कायद्यात आहे. सही केलेल्या फॉर्मवर ते असेलच. पण आजवर कोणी मला वाचून दाखवलं नाही.

नऊ महिने लाड झाले. वरून शहाळं यायचं, दुपारी भांड्यांना हात लावू दिला नाही. मी काय खाते हे मात्र रोज विचारायचे, आणि माझी मुलगी तापाने फणफणली तेव्हा तिला माझ्याजवळ झोपू दिलं नाही, इन्फेक्शन होईल म्हणून. ती पाच वर्षांची होती. ती रात्र मला बाळ दिलं त्या दिवसापेक्षा जास्त टोचते.

बाळ वर गेलं. पहिले काही दिवस ते रडलं की छतातून ऐकू यायचं आणि माझा ब्लाउज ओला व्हायचा. मी एकदा वर गेले. जाऊबाई दारातच म्हणाल्या, "आम्ही बघतो गं, तू आराम कर." त्या वाईट नाहीत. घाबरल्या होत्या, मी माझं म्हणेन म्हणून. मला ते तेव्हाही कळलं. पण पाय खाली वळताना जे वाटलं ते गेलेलं नाही. बारशाला मी स्वयंपाकघरात होते, पाहुणे खूप होते.

माझी आई जुन्नरहून आली आणि मला आणि मुलीला घेऊन गेली. कारण विचारलं नाही, बॅग भरली. परत आल्यावर वाशीत मानसोपचार डॉक्टरांकडे जायला लागले, नवरा सोबत येतो. आता जाऊबाईंचा मुलगा जिन्यावरून बसत बसत खाली येतो आणि माझ्या मुलीच्या वह्या ओढतो. मी त्याला उचलते. मला त्याचा राग नाही, त्याच्यासाठी केलं याचा पश्चात्तापही नाही. मला विचारलं नाही याचा राग आहे. दोन्ही एकाच वेळी असतं, आणि "तू किती मोठं मन दाखवलंस" असं कोणी म्हटलं की मला काय उत्तर द्यावं कळत नाही.

(धागाकर्ती : ही गोष्ट नीट वाचा सगळ्यांनी. पैशाची सरोगसी बंद केली म्हणजे जबरदस्ती संपली असं नाही. एजंटची गेली, पण जेवणाच्या टेबलावरची राहिली. तिला मोजणारा कोणताच फॉर्म नाही. ताई, तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे, मी रविवारी करते.)

नेरुळ

मी नवरा आहे. लिहिलं तर चालेल का असं विचारलं, हो म्हणाल्या म्हणून लिहितो.

बायकोने तिच्या मामेबहिणीसाठी केलं. मी मार्केटला दाणाबाजारात आहे, पहाटे निघावं लागतं. निघायच्या आधी प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन मी द्यायचो, नर्सने शिकवलं होतं. ते तेलातलं असतं, मधासारखं घट्ट. बाटली आधी तळहातात धरून कोमट करायची, नाहीतर सुईतून उतरतच नाही. जाड सुईने ओढायचं, मग सुई बदलायची. कमरेखाली, बाहेरच्या वरच्या भागात, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. नंतर चोळायचं आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं, तरी गाठी होतात. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत वार (प्लासेंटा) स्वतः हार्मोन तयार करायला लागते, मग थांबवतात. तोवर तिला एका कुशीवर झोपता येत नव्हतं. लोकांना वाटतं गर्भ सोडला की झालं.

मित्र विचारायचे, तू परवानगी दिलीस? तिने परवानगी मागितलीच नव्हती. सोबत असशील का एवढं विचारलं होतं, मी हो म्हटलं. आणि बाकीचं पथ्य असतं, नवरा-बायकोचं, तेही पाळावं लागतं. हे नवऱ्यांना आधी बसवून नीट सांगावं, सेंटरवाले घाईत उरकतात.

मामेबहीण दर महिन्याला आमच्या मुलाला घेऊन जाते, सीवूड्सला मॉलमध्ये नाहीतर गार्डनमध्ये. आई दमलीय म्हणून त्याचं कोणी बघावं हे तिच्या लक्षात आलं, त्याने आमची मनं फार जवळ आली.

कळवा

आईने मी नववीत असताना मावशीसाठी केलं. शाळेत एकाने घाण बोललं तेव्हा मी त्याला मारलं. आईने नंतर मला सगळं समजावलं, चित्र काढून. आधी सांगितलं असतं तर मारलं नसतं. मोठ्या मुलांना आधी सांगा.

कासारवडवली

माझ्याकडे लिहायला बाळ नाही. बहिणीसाठी तयार झाले होते. गोळ्या खाऊन गर्भाशयाचं अस्तर आठ मिलिमीटर झालं, पाचव्या दिवसाचा चांगला गर्भ सोडला, आणि दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह. मग परत सगळं. परत तेच. कायद्याने तीनपेक्षा जास्त वेळा करता येत नाही, आम्ही त्याआधीच थांबलो.

रिपोर्ट आला की सगळे बहिणीकडे धावायचे. ते बरोबरच आहे, तिचं दुःख मोठं. मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून रडत घरी यायचे आणि कुकर लावायचे. हार्मोन एकदम बंद केल्यावर अंगातून जे जातं ते नुसती पाळी नसते. वाटायचं माझ्या पोटाने तिला दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की चांगला दिसणारा गर्भसुद्धा अनेकदा रुजत नाही, त्यात गर्भाशयाचाच दोष असतो असं नाही. ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, बहिणीसमोर.

इथे सगळ्या "झालं" वाल्या लिहितील. न झालेल्यांनीही लिहा.

वाशी

मी दुसऱ्या बाजूची. मला जन्मतःच गर्भाशय नाही, पाळी आली नाही तेव्हा सोळाव्या वर्षी कळलं. बीजकोष नीट होते. मोठ्या वहिनीने आमचा मुलगा वाढवला.

तिने सुरुवातीलाच आम्हा दोघांना बसवून अटी सांगितल्या. सोनोग्राफीत डॉक्टर आधी तिच्याशी बोलतील, मग आमच्याशी. तिच्या ताटात कोणी डोकावणार नाही. काही गुंतागुंत झाली तर तिचा जीव आधी, आणि हे माझ्या नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने तिच्या आईसमोर म्हणायचं. बाळ झाल्यावर पहिल्यांदा ती घेईल आणि तिला वाटेल तेव्हा माझ्या हातात देईल. शेवटचं ऐकून मला आत कुठेतरी लागलं होतं. पण ऑपरेशन थिएटरबाहेर तिला बाळ दिलं, तिने त्याच्या कपाळावरचं पांढरं पुसलं, त्याला सांगितलं, "ती बघ आई," आणि हात पुढे केले. मला ते कोणी हिसकावून दिलेलं नको होतं, आता कळतं.

माझी आई गावाहून आली ती सव्वा महिना ठाण्याला वहिनीकडे राहिली, माझ्याकडे नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी सगळं तिथे. मी बाळाला घेऊन रोज लोकलने ठाण्याला. लोक म्हणायचे, एवढंसं बाळ घेऊन हिंडतेस. पण बाळंतीण तीच होती.

ऐरोली

माझी प्रक्रिया आता सुरू होतेय, नणंदेसाठीच. कोपरखैरण्याच्या ताईंचं वाचून दोन रात्री झोप नाही. मी मनापासून तयार आहे, पण ते नक्की माझंच मन आहे ना, हे कसं ओळखायचं? आणि मी खासगी कंपनीत आहे, रजेचं काय?

(धागाकर्ती : रजेचं आधी. केंद्र सरकारी नोकरीत जून २०२४ पासून नियम आहे, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर सरोगेटलाही १८० दिवस रजा मिळते आणि बाळ घेणाऱ्या आईलाही. खासगीत तुझ्या कंपनीच्या एचआरला ईमेलवर विचार, तोंडी हो घेऊ नकोस. बाळ होईल तेव्हा ते तुझ्या हातात नसेल आणि तुझी ओली कूस कोणाला दिसणार नाही, म्हणून आत्ताच लिहून घे.

मन ओळखायचं म्हणतेस, तर नणंदेला एकदा "मला अजून एक महिना विचार करायचाय" असं सांगून बघ. खरंच विचार करायचा नसला तरी सांग. घरात काय होतं ते बघ. कोणी तोंड पाडलं, कोणी तुझ्या आईला फोन केला, तर समुपदेशनाला एकटी जा, दार लावून घे आणि तेच सगळं तिथे सांग. घर शांत राहिलं तर निम्मं काम झालं.

नवी मुंबई पालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, त्यामुळे नणंद इथलीच असेल तर नणंदेच्या वैद्यकीय कारणाचा दाखला जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून ठाण्याचाच लागेल, तिला त्या खेपा घालू देत. तू फक्त तुझे कागद बघ. विम्यावर नाव तुझं आहे ना आणि तो ३६ महिन्यांचा आहे ना, हे स्वतः वाच. नेरुळच्या भाऊंना विचारून सुईचं तुझ्या नवऱ्याला शिकव. आणि सव्वा महिना तुझ्याकडे कोण राहणार त्या बाईचं नाव ठरल्याशिवाय गर्भ सोडायची तारीख घेऊ नकोस.)